जानव्याची चावी

चतुराबाई रोजच्यासारखी केरसुणी घेऊन ऑफिसात शिरली आणि टेबलावर डोकं टेकून बसलेल्या हेडक्लार्कला म्हणाली, "पंत, पाय वर घ्या."

पंतांनी पाय घेतले नाहीत. घेणार कुठून? केर काढणारीची अडचण मेल्या माणसाला कळत नसते.

मग तिला डोक्यामागचं रक्त दिसलं. आणि मग कपाटाशेजारी, भुईवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला सिताराम फिटर दिसला. त्याच्या पायाशी मशीन खोलायचा मोठा लोखंडी पाना पडला होता.

"ओरडू नको, मावशे," सिताराम म्हणाला. "पोलिसाला बोलाव. मीच मारलं."

चतुराबाई ओरडली ती ओरडलीच. टेबलावर टेलिफोन होता, पण त्याच्या डायलला पितळी कुलूप होतं. शेवटी बन्सीधर वॉचमन सायकल दामटत ठाण्यावर गेला, आणि फौजदार सूर्यभान गिराम जीप घेऊन जिंतूर रोडवरच्या आबासाहेबांच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये आला.

गिराम गोड बोलणारा माणूस नव्हता. नोकरीची निम्मी वर्षं शिव्या देण्यात आणि निम्मी शिव्या खाण्यात गेलेली. पण खुनाच्या जागी आला की तोंड मिटायचा आणि डोळे उघडायचा. एवढं तरी परभणीत सगळे मान्य करत.

विष्णुपंत खुर्चीतच होते. घाव डोक्यामागं, एकच. सदऱ्याची वरची बटणं उघडी, जानवं बाहेर ओघळलेलं. रक्ताचा डाग सोडला तर पांढरंशुभ्र, कोरं. त्या जानव्याला एक लहानशी पितळी चावी लटकत होती. दुहेरी गाठ मारून ती बांधलेली होती, बैल दाव्याला बांधावा तशी, ओढून घट्ट.

"ही काय भानगड?" गिरामनं विचारलं.

"फोनच्या कुलपाची चावी हाय, सायब," चतुराबाई डोळे पुसत म्हणाली. "कायम पंताच्या जानव्यालाच. लघवीला गेले की जानवं कानाला अन् चावीबी कानाला. पोरं हासायची. पर लय चांगला मानूस वो. मला केरवालीलाबी 'अहो चतुराबाई' म्हनायचे. कुनालाबी कदी अरे-तुरे केलं न्हाई, कुत्र्यालाबी न्हाई."

"अन् हा पाना?"

"सितारामचाच. पर पाळी सुटली की समद्यांची हत्यारं हितं जमा. मालकाचा नियम."

मालकाचे नियम बरेच होते. भिंतीवर, फोनच्या वर, पाटी होती: 'खाजगी फोन करू नये. खाजगी फोन आल्यास निरोप मिळणार नाही.' नामांतराच्या दंगलीत गावंच्या गावं पेटली, तेव्हा कामगारांनी या फोनवरून गावच्या पोस्टात, सरपंचाकडं फोन लावून आपली माणसं जिवंत आहेत का विचारलं होतं. आबासाहेबांना ते खपलं नाही. दंगल विझली आणि फोनला कुलूप लागलं, ते आजतागायत. पोरंही वस्ताद. रिसीव्हर ठेवायची कळ टकटक दाबून नंबर लावायची युक्ती त्यांनी शोधली. एकजण सापडला, त्याला मालकानं ऐन हंगामात हाकलला. रिसीव्हर उचलायची परवानगी फक्त दोघांना, पंतांना आणि खुद्द मालकाला. बाकीच्यांनी फोन वाजला तर वाजू द्यायचा.

गिरामनं कुलूप ओढून पाहिलं. पक्कं लागलेलं होतं.

मग तो सितारामसमोर उकिडवा बसला.

"कशानं मारलंस?"

"पान्यानं."

"पुढून का मागून?"

"पुढून. डोळ्यात डोळे घालून मारलं."

घाव मागं होता.

"पळाला का न्हाईस?"

"कुठं पळू? घरी कोन हाय माझं?"

"काहून मारलंस, ते तरी सांग."

सिताराम पहिल्यांदा वर बघत म्हणाला, "माझी बायकू सरजा याच फोनपायी गेली, सायब. फाशी द्या अन् मोकळं करा."

मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. हा माणूस तसा झाला होता. मुंजाजी हवालदारानं त्याला बेड्या घातल्या आणि सवयीनं दोन ठेवूनही दिल्या. कबुली दिलेल्याला मारायचं काय कारण? पण ठाण्याची रीतच तशी, कारण लागत नाही. सितारामनं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

आबासाहेब आले ते प्रेताकडं न बघता आधी जिनकडं बघून आले. सरकी काढायची मशीनं बंद होती, बायका अंगणात घोळका करून उभ्या होत्या, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या.

"फौजदार, कबुली हाय ना? मग आजच्या आज कागद करा. तिकडची मशीन मी चालू करायलोय."

"प्रेत अजून हितंच हाय, आबासाहेब."

"प्रेत ऑफिसात हाय. मशीन तिकडं हाय." आणि त्यांनी हात वर केला. भोंगा वाजला. बायका मान खाली घालून आत गेल्या.

असला माणूस. गिरामला त्याची चीड आली. पण चीड आली म्हणून कुणी खुनी ठरत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं वही-पेन्सिल काढली नाही, नुसतं विचारलं.

"काल शेवटचं कवा बघितलं पंतांना?"

"दिवे लागायच्या टायमाला. मी घरी निघालो, ते काम करत बसले. बन्सीधरला इचारा, त्याच्या म्होरूनच गेलो."

"मग?"

"घरी जाऊन च्या घेतला न घेतला, तर पंतांचाच फोन. म्हनले, सिताराम पिऊन आलाय, पाना घिऊन उभा हाय, शिव्या द्यायलाय."

"अन् तुमी काय केलं?"

"काय करनार? दारुड्याचं काय मनावर घ्यायचं? म्हनलं, समजवा त्याला अन् फोन ठिवा."

"पंतांनी फोन लावायला कुलूप काढलं आसंल."

"काढलंच आसंल की."

"अन् बोलून झाल्यावर परत लावलं. म्होरं मानूस पाना घिऊन उभा असताना."

आबासाहेब हसले. "आमची शिस्त हाय तशी, फौजदार. मरंल, पर कुलूप लावल्याबिगर उठनार न्हाई."

बन्सीधर वॉचमननं मालकाचं बोलणं निम्मं खरं केलं आणि निम्मं खोटं. "मालक गेले ते खरं हाय. जाताना म्हनले, पंत कामात हायेत, तरास दिऊ नको. मग सिताराम आला. म्हनला, पंतांनीच बोलावलंय, काय तरी सांगायचंय म्हनं. मनून सोडला. मागून बाहीर आला न्हाई, मला वाटलं मशीनीकडं गेला."

"पिऊन होता का?"

"न्हाई सायब. माळकरी मानूस हाय त्यो. सुद्धीत होता."

"काही आवाज, भांडण?"

"प्रेसचा आवाज एवढा, मला माझा खोकला ऐकू येत न्हाई."

दुपारी ठाण्यावर एक म्हातारी आली. जिंतूरहून एसटीनं आलेली, पायात चप्पल नाही, डोक्यावरचा पदर ढळू न देता ताठ उभी. नाव कडूबाई. सितारामची सासू. गिरामला वाटलं, जावयासाठी गयावया करायला आली.

"फाशी कवा देनार?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"ह्या मेल्याला. म्या बगायला येनार हाय."

कोठडीतून सितारामनं हाक मारली, "मामी..." म्हातारीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

गिरामनं तिला बसवलं, पाणी दिलं. "काय झालं ते सांगा. पैल्यापासून."

"महिना बी झाला न्हाई वो. सरजा माहेरी बाळातपनाला आलती. पोर जलमताच गेलं अन् लय रगत गेलं. डाक्टर म्हनला, रगत पायजे, आत्ताच्या आत्ता. माझं जुळना. सितारामचं जुळतं, पैल्या खेपंला त्यानंच देल्तं, तवाबी पोर गेलं पर सरजा वाचली. म्हनून परभनीला ट्रंक कॉल लावला. दवाखान्यातल्या पोऱ्यानं लावला. एकदा लावला, तर 'सध्या नाहीत' म्हनले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा म्याच कानाला लावला."

"कोण बोललं?"

"कोन की. बाप्या मानूस. म्हनला, 'तुजा जावाई हितंच हाय, म्हातारे. सांगितलं त्याला. येत न्हाई म्हन्तो. परत फोन करू नकोस.' अन् ठिवला."

"हेच शब्द? तुजा, म्हातारे, करू नकोस?"

"मरस्तोवर इसरनार न्हाई ते शब्द."

"सरजाबाईला सांगितलंत?"

"सांगितलं. ती इचारीत होती, निगाले का म्हनून. खोटं कशाला सांगू?"

कोठडीतून आवाज आला. "मी म्हनलो न्हाई, मामी. तुज्या पायाची आन, मला कुनी सांगितलंच न्हाई. मी मशीनीखाली पडून नट आवळीत होतो."

"समदे आसंच म्हन्त्यात," म्हातारी भिंतीकडं बघत म्हणाली.

ती गेल्यावर गिराम कोठडीत जाऊन सितारामच्या शेजारी बसला. मुंजाजीला वाटलं, आता साहेब स्वतः हात घालणार. त्यानं पट्टा आणून ठेवला. गिरामनं तो लाथेनं सारला.

"पंतांना तू कवा भेटलास? खरं सांग."

"काल सकाळी. रोज इचारायचं ठरवायचो, छाती व्हईना. काल इचारलं. म्हनलं, पंत, माझ्या नावानं 'येत न्हाई' काहून म्हनलात? ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हनले, 'हे कोण म्हणालं? मी नाही म्हणालो असं.' मग म्हनले, 'सितारामराव, संध्याकाळी या. मी सगळं सांगतो, तुमच्या सासूबाईंकडंही येतो.' मी गेलो तर ते मरून पडलेले. पाना भुईवर. आता मला कोन सांगनार सायब, ती गोष्ट? कोनाच्या तोंडून खरी करू? मग म्हनलं, जाऊ द्या. लोक म्हनतील यानंच मारलं. म्हनू द्या. एक दोर लागंल तेवढाच."

"म्हणजे कबुली खोटी."

"खोटी का खरी, माझं काय सुटनार हाय?"

वरून, जिल्ह्याच्या साहेबांकडून, दोनदा फोन येऊन गेले होते. खुनी सापडलाय, कबुली दिलीय, मग कागद का अडवलाय? आबासाहेबांचं वजन वरपर्यंत होतं. उद्या सकाळी सितारामला कोर्टात उभं करा, तोंडी हुकूम. एकदा का तो मॅजिस्ट्रेटपुढं 'मीच मारलं' म्हणाला, की गळ्यातला फास काढायला कुणी येणार नव्हतं. सासूही नाही.

गिराम उठला आणि विष्णुपंतांच्या घरी गेला.

घर म्हणजे जिनच्या आवारातलंच क्वार्टर, मालकाचं. प्रमोदिनीबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. गिरामनं टोपी काढली.

"वहिनी, रात्री पंत घरी आले नाहीत, तुम्ही चौकशी केली नाहीत?"

"हंगामात ते ऑफिसातच पथारी टाकायचे. नेहमीचंच."

"काल दुपारी जेवायला आले होते?"

"आले. पण आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ केली. मी म्हटलं, कुणी गेलं का? काही बोलले नाहीत. जुनं जानवं काढलं, नवं घातलं. ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले." त्या थांबल्या. "रोज वाकून जेवताना ती चावी ताटाला लागून टणटण वाजायची. मी वैतागायचे. काल काहीच वाजलं नाही."

गिरामनं खिशातून जप्त केलेलं जानवं काढलं. विधवेपुढं ते काढताना त्यालाच कसंतरी झालं.

"वहिनी, माफ करा. मला यातलं कळत नाही म्हणून विचारतो. ही गाठ बघा. पंत चावी अशीच बांधायचे?"

बाईंनी पाहिलं आणि हातच मागं घेतला.

"ही गाठ? छे! जानव्याला ब्रह्मगाठ सोडून दुसरी गाठ मारत नाहीत हो. ते चावी ओवून अडकवायचे. दोऱ्याचा फासा चावीच्या भोकातून काढायचा, त्याच फाश्यातून चावी ओढून घ्यायची. गाठ लागतच नाही. लग्नापासून बघते मी. ही कुणी मारली?"

"तेच शोधायलोय. आता एक सांगा. अन् खरं सांगा. काल जेवताना पंत काय बोलले?"

"काही नाही."

"वहिनी, आबासाहेब भेटून गेले का तुम्हाला?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. "सकाळी आले होते. म्हणाले, गप्प राहा, क्वार्टर सोडायला लावणार नाही. कशाबद्दल गप्प, ते मी विचारलं नाही. मला जायला दुसरी जागा नाही, फौजदारसाहेब."

"त्या सितारामला उद्या फाशीच्या वाटेला लावायलेत."

बाई बराच वेळ रडल्या. मग बोलल्या. गिराम ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाऐवजी जीप जिनवर आली. ऑफिसात गिरामनं पाचजणांना बसवलं. बसवलं म्हणजे आबासाहेब खुर्चीत, प्रमोदिनीबाई आणि कडूबाई बाकावर, बेडी घातलेला सिताराम भुईवर, मुंजाजी दारात.

"हा काय तमाशा मांडलाय?" आबासाहेब म्हणाले. "मुलजिमाला कोर्टात न्यायचं सोडून..."

"नेतो की. कुणाला न्यायचं ते ठरवून नेतो." गिरामनं जानवं टेबलावर ठेवलं. "आबासाहेब, सगळा मामला एका फोनवर उभा हाय. तुमी घरी गेल्यावर पंतांचा फोन आला, म्हणजे तुमी गेलात तवा पंत जिवंत होते. मागून सिताराम आला, म्हणजे सितारामनं मारलं. बरोबर?"

"बरोबर."

"अन् फोन लावायचा तर कुलूप काढावं लागतं. चावी पंतांच्या अंगावर सापडली. तेबी बरोबर?"

"मग काय इचारायलाव?"

"ही गाठ कुणी मारली ते." गिरामनं बोट ठेवलं. "जानव्याला गाठ मारत न्हाईत. पंतांनी जन्मात मारली नव्हती. चावी ओवून अडकवायचे. तुमी रोज त्यांच्या पोटावर ती चावी बघितली, पण कशी अडकवलीय ते कधी वाकून बघितलं न्हाई. कारकुनाकडं मालक वाकून कशाला बघंल? मग पंत मेल्यावर चावी बांधली कुणी? सितारामनं? त्याला चावीशी काय देणंघेणं? चावी पंतांच्या अंगावर असावी अशी गरज जगात एकाच माणसाला होती. ज्याला सांगायचं होतं की पंतांनी मला फोन केला."

आबासाहेबांनी मिशीला हात लावला, पण तो वर गेला नाही. "पंतांनी घाईत स्वतःच गाठ मारली आसंल. न्हाई तर टकटक करून फोन लावला आसंल. ह्या नालायकांना येतंच की ते."

"टकटक करून लावला तर चावी लागलीच न्हाई. मग मेल्यावर बांधली कशाला? अन् परवा दुपारी पंत जेवले तवा जानवं कोरं होतं, चावी नव्हतीच. वहिनींनी बघितलंय. कारण सकाळीच पंतांनी चावी तुमाला परत दिली होती."

"परत दिली?" आबासाहेब खुर्चीतून उठले, तोंड लाल झालेलं. "दिली म्हन्ता? तोंडावर फेकली माझ्या! माझ्या अन्नावर वाढलेला कारकून, माझ्या हापिसात, माझ्या तोंडावर..."

बोलता बोलता ते थांबले. पण तोवर उशीर झाला होता. चुलीतली लाकडं चुलीतच जळाली असती, पण माणसाचा माज त्याला गप्प बसू देत नाही.

"फेकली, हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं," गिराम शांतपणे म्हणाला. "त्यांना पंत एवढंच म्हणाले होते की चावी देऊन आलो. तुमी दोघंच होतात तिथं. आता म्होरचं मी सांगतो, चुकलं तर टोका. जिंतूरहून फोन आला, त्या दिवशी बडं मशीन बंद पडलं होतं. खाली फिटर एकच, सिताराम. पंत तुमच्याकडं विचारायला आले. तुमी म्हणालात, सांगा, हितं न्हाई. पंत घाबरट होते. पोटासाठी दोनदा तसं खोटं बोलले, हे त्यांचं पाप. त्यापायीच परवा डोक्यावरून पाणी घेतलं, अन् पाप ज्याच्यावर लोंबत होतं ते जानवंही उतरवलं. पण तिसऱ्यांदा फोन वाजला तो तुमी उचललात."

"पुरावा काय?"

"कडूबाई, फोनवरचा माणूस काय म्हणाला होता?"

म्हातारीनं ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आवाज कोरडा होता.

"विष्णुपंत केरवालीला अहो म्हणायचे," गिराम म्हणाला. "परक्या म्हातारीला 'तुजा' अन् 'नकोस' म्हणणारा ह्या ऑफिसात दुसरा कोण, अन् रिसीव्हर उचलायची परवानगी दुसऱ्या कुणाला? परवा सकाळी सितारामनं विचारल्यावर पंतांना ते कळलं. 'हितं न्हाई' अन् 'येत न्हाई म्हन्तो' यात काय अंतर हाय ते त्यांना कळलं. त्यांनी चावी टाकली, अन् म्हणाले की मी सितारामला सगळं सांगणार. शंभर बाया-बाप्ये हितं कामाला. त्यांच्या कानी गेलं असतं तर जिन उभी राहिली नसती. संध्याकाळी तुमी परत एकदा दम द्यायला आलात. पंत ऐकेनात. जमा केलेल्या हत्यारांत पाना पडला होता. पंत पाठ करून बसले होते. मग चावी बांधलीत, बन्सीधरला सांगितलंत आत जाऊ नको, अन् घरी जाऊन च्या घेतलात."

प्रमोदिनीबाई बाकावरून पुढं वाकल्या.

"एकदा सोडलं असतं त्यांना तर काय झालं असतं, आबासाहेब? फिटरला?"

आबासाहेब तिच्याकडं न बघता बोलले. "हंगाम होता, बाई. मशीन बंद होतं. रस्त्यापतोर गाड्या उभ्या. बाया काय, रोजच बाळत व्हत्यात. अन् 'हितं न्हाई' म्हनलं की म्हातारी परत परत फोन करीत होती. मनून म्हनलं येत न्हाई. गप बसली मग. त्यात काय एवढं?"

गिरामच्या हाताची मूठ वळली. ती त्यानं टेबलाखाली धरून ठेवली. मुंजाजीला मात्र राहवलं नाही. त्यानं सितारामच्या हातातली बेडी काढली आणि तीच आबासाहेबांच्या हातात घातली, जरा जास्तच आवळून. मालक जीपकडं जाताना अंगणातल्या बायकांनी वाट दिली. एकीनंही पदर सावरला नाही.

ऑफिसात सिताराम भुईवरच बसला होता. आबासाहेब गेले तिकडं त्यानं पाहिलं नाही. तो सासूकडं बघत होता, परवापासून पहिल्यांदा डोळ्यांत जीव असल्यासारखा.

"मामी," तो म्हणाला. "आता तरी इस्वास बसला का? मी 'येत न्हाई' म्हनलो नव्हतो."

कडूबाई बाकावरून उतरली आणि त्याच्यासमोर भुईवर बसली. त्याच्या सुजलेल्या गालावरून तिनं हात फिरवला.

"बसला रं लेका. माझा बसला." तिचा हात तिथंच राहिला. "पर सरजाला म्याच सांगितलं की. निगाले का, निगाले का करीत होती. म्या म्हनलं, येत न्हाई म्हन्तो तुजा नवरा. मग तिनं तोंड भितीकडं केलं. म्या लय हाका मारल्या. फिरलीच न्हाई ती परत."

सितारामनं मान हलवली. काही समजलं तशी, किंवा नुसतीच.

"चल, सुटलास," मुंजाजी दारातून म्हणाला. "घरी जा आता."

सिताराम उठला नाही.